दोनदा परत आलेला शोधनिबंध

रसायनशास्त्राच्या पदवीच्या पाठ्यपुस्तकात अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे एक प्रकरण असते. नाव लांबलचक आहे, म्हणून सर्वजण ‘एनएमआर’ म्हणतात. आपणही तसेच म्हणू. या प्रकरणात बहुधा इथाइल अल्कोहोलचा वर्णपट दिलेला असतो. त्यात १:२:३ या प्रमाणात तीन शिखरे दिसतात. एक ऑक्सिजनला जोडलेल्या हायड्रोजनचे, दुसरे मधल्या दोन हायड्रोजनांचे आणि तिसरे टोकाच्या तीन हायड्रोजनांचे. विद्यार्थी शिखरे मोजायला शिकतो, रेणूची रचना ओळखायला शिकतो, आणि परीक्षेत गुण मिळवतो.

अल्कोहोलचा हा वर्णपट १९५१ साली आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून प्रसिद्ध केला. यांपैकी श्रीनिवास धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि आपल्याकडे एनएमआरचे संशोधन त्यांनी उभे केले. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट सहसा नसते. पण आजचा आपला विषय त्याच प्रकरणातले दुसरे एक वाक्य आहे. ते साधारण असे असते: ‘फूरिए रूपांतरणाच्या वापरामुळे या तंत्राची संवेदनशीलता पुष्कळ वाढली.’

हे वाक्य खोटे नाही. पण ते वाचून विद्यार्थ्याचा असा समज होतो की, फूरिए नावाच्या गणितज्ञाच्या सूत्रात काही जादू आहे आणि त्या सूत्रातून काढले की क्षीण संकेत बलवान होतो. तसे काही होत नाही. या वाक्यामागे १९६६ साली ‘रिव्ह्यू ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स’ या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध आहे. रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन हे त्याचे लेखक. शीर्षक अगदी साधे: चुंबकीय अनुस्पंदनात फूरिए रूपांतरण वर्णपटविज्ञानाचा उपयोग. हा निबंध आज पुन्हा वाचला तर त्यात नेमके नवे काय होते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्याने घालून दिलेली मोजपट्टी आज उपयोगी पडते का, हे तीन प्रश्न समोर येतात. त्यांचा विचार या लेखात करू.

संकेत इतका क्षीण का?

हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, एका चिमुकल्या चुंबकासारखे वागते. त्याला मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ठेवले की दोन अवस्था शक्य होतात: एक क्षेत्राच्या दिशेने, कमी ऊर्जेची, दुसरी विरुद्ध दिशेने, किंचित जास्त ऊर्जेची. योग्य वारंवारतेच्या रेडिओलहरी दिल्या की केंद्रके एका अवस्थेतून दुसरीत जातात. यावरून त्यांचा ठावठिकाणा कळतो.

अडचण अशी की या दोन अवस्थांमधला ऊर्जेचा फरक फारच लहान आहे. नेहमीच्या तापमानाला रेणूंची जी धावपळ चालू असते, तिच्यापुढे तो फरक नगण्य ठरतो. त्यामुळे दोन्ही अवस्थांत केंद्रकांची संख्या जवळजवळ सारखीच राहते. अर्न्स्ट यांच्या काळात प्रचलित असलेल्या ६० मेगाहर्ट्झच्या यंत्रात, म्हणजे सुमारे १.४ टेस्ला क्षेत्रात, दर दहा लाख प्रोटॉनांमागे दोन बाजूंमधला फरक अवघा पाचाच्या आसपास असतो. दहा लाख मतदारांच्या मतदारसंघात पाच मतांनी निकाल लागावा, तसा हा प्रकार. बाकीच्यांचे परिणाम एकमेकांना छेद देतात. आपल्याला ऐकू येतो तो फक्त या पाच मतांचा आवाज. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात हा फरक वाढून बत्तीसच्या आसपास जातो, इतकेच.

कार्बनची स्थिती आणखी बिकट. एनएमआरला दिसणारा कार्बन-१३ हा निसर्गातल्या कार्बनपैकी केवळ १.१ टक्का असतो. शिवाय त्याचे केंद्रक प्रोटॉनच्या साधारण एक चतुर्थांश ताकदीचे चुंबक आहे. दोन्ही गोष्टी धरल्या, तर नैसर्गिक कार्बनचा संकेत हायड्रोजनच्या सुमारे ५,७०० पट क्षीण भरतो. सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे कार्बनचे शास्त्र, आणि कार्बनच ऐकू येत नाही!

क्षीण संकेत ऐकण्यात अडथळा येतो तो खरखरीचा. लांबचे रेडिओ केंद्र लावले की खरखर येते, तशीच खरखर संकेत पकडणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात आणि त्यापुढच्या विद्युत मंडलात उष्णतेमुळे सतत चालू असते. तिच्यावर मात करण्याचा एक सरळ उपाय म्हणजे तेच मापन पुन्हा पुन्हा करून बेरीज घेणे. संकेत दर वेळी त्याच जागी येतो, म्हणून त्याची बेरीज मापनांच्या संख्येच्या पटीत वाढते. खरखर कधी वर, कधी खाली असते, म्हणून तिची बेरीज त्या संख्येच्या वर्गमूळाच्या पटीत वाढते.

वर्गात हे नाण्याने करून पाहता येते. नाणे उडवावे. छापा पडला तर +६ आणि काटा पडला तर −४ लिहावे. यात दर वेळचा खरा संकेत +१ आहे आणि त्यावर ±५ ची खरखर आहे. एकदोन वेळा उडवून काहीच कळणार नाही. २५ वेळा उडवल्यास संकेताची बेरीज २५ आणि खरखरही साधारण २५. चाळीस मुलांनी प्रत्येकी दहा वेळा उडवून सर्वांची बेरीज केली, तर संकेत ४०० आणि खरखर १०० च्या आसपास. आता बेरीज शून्याच्या बरीच वर आहे हे कोणालाही दिसेल. मात्र त्यासाठी ४०० वेळा नाणे उडवावे लागले.

या वर्गमूळाची किंमत फार मोठी आहे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने वनस्पतीतून वेगळा केलेला पदार्थ नेहमीच्या एक दशांशच भरला. पहिल्याइतकाच स्पष्ट वर्णपट हवा असेल तर तिला दहापट नव्हे, शंभरपट वेळ लागेल. एका तासाचे शंभर तास, म्हणजे चार दिवसांहून अधिक. यंत्र मोठ्या संस्थेत, त्यावर रांग लागलेली, आणि दर तासाला शुल्क. चार दिवस यंत्र कोण देणार? म्हणून संवेदनशीलतेचा प्रश्न हा नुसता तंत्रज्ञांचा प्रश्न नाही. कोणाला कोणता प्रश्न विचारणे परवडेल, हे त्यावर ठरते.

जुनी रीत आणि जलतरंग

१९६० च्या दशकापर्यंत वर्णपट घेण्याची रीत अशी होती. एक वारंवारता घ्यायची, ऐकायचे. किंचित पुढे सरकायचे, पुन्हा ऐकायचे. ६० मेगाहर्ट्झच्या यंत्रात नेहमीच्या सेंद्रिय पदार्थांतील हायड्रोजनची शिखरे सुमारे ६०० हर्ट्झच्या पट्ट्यात पसरलेली असतात. एकेका शिखराची रुंदी मात्र एक हर्ट्झच्या आसपास. म्हणजे बहुतेक वेळ यंत्र अशा जागी ऐकत असते, जिथे काही नाहीच. आणि एका शिखरावर ऐकत असताना बाकीच्या सर्व शिखरांकडे दुर्लक्ष झालेले असते.

जलतरंगाची कल्पना करा. वीस वाट्या मांडल्या आहेत आणि प्रत्येकीचा स्वर ओळखायचा आहे. एक मार्ग असा, की एकेका वाटीवर काठी मारायची, तिचा नाद विरेपर्यंत थांबायचे, मग दुसरीकडे वळायचे. दुसरा मार्ग असा, की सर्व वाट्यांवर एकदम आघात करायचा, मिसळलेला नाद नोंदवून ठेवायचा आणि त्यातून एकेक स्वर नंतर वेगळा काढायचा. जेवढ्या वेळात पहिल्या मार्गाने सर्व वाट्या एकदा वाजतात, तेवढ्या वेळात दुसऱ्या मार्गाने सगळा मेळ वीस वेळा ऐकता येतो.

अर्न्स्ट आणि अँडरसन यांनी हा दुसरा मार्ग धरला. रेडिओलहरींचा एक अल्पकाळ टिकणारा, जोरदार स्पंद दिला की सर्व प्रोटॉन एकदम हलतात आणि मग सेकंदभर विरत जाणारा मिश्र संकेत देतात. त्यातले स्वर वेगळे करण्याचे काम फूरिए यांचे गणित करते. जोसेफ फूरिए (१७६८–१८३०) यांनी ते उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करताना मांडले होते.

निबंधातले खरे नवे

आता निबंधाकडे चिकित्सक नजरेने पाहू. पहिला मुद्दा असा, की फूरिए रूपांतरणाने संवेदनशीलता वाढत नाही. रूपांतरण म्हणजे त्याच माहितीची वेगळी मांडणी. जितकी खरखर मूळ नोंदीत आहे, तितकी रूपांतरानंतरही राहते. फायदा होतो तो वेळ वाया न गेल्यामुळे. ६०० हर्ट्झचा पट्टा आणि एक हर्ट्झची शिखरे धरली, तर तेवढ्याच वेळात प्रत्येक शिखर सुमारे ६०० पट जास्त काळ ऐकले जाते. ६०० चे वर्गमूळ २४ च्या जवळपास. संकेत आणि खरखर यांचे गुणोत्तर आदर्श परिस्थितीत तितके पट सुधारेल. प्रत्यक्षात लाभ याहून कमी मिळतो, पण हिशेबाची दिशा ही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या लेखकांनी संवेदनशीलता मोजताना वेळ हिशेबात धरली. निबंधात कूमरिन वर्गातील एका पदार्थाचे दोन वर्णपट शेजारी शेजारी दिले आहेत: एक जुन्या रीतीने, दुसरा ५०० विरत्या संकेतांची बेरीज करून. दोन्हींना लागलेला वेळ सारखाच, ५०० सेकंद. नव्या पद्धतीला जास्त वेळ देऊन तिचे कौतुक केलेले नाही. तुलना कशी करावी याचा हा धडा आहे आणि तो शाळेतल्या प्रयोगवहीपर्यंत न्यावा असा आहे.

वेळेच्या या हिशेबातून निबंधात आणखी एक सुंदर निष्कर्ष निघतो. पूर्ण ताकदीचा स्पंद दिला तर प्रोटॉनांचे सगळे चुंबकत्व एकदम वापरले जाते आणि ते परत जमायला वेळ लागतो. उन्हाळ्यातल्या झऱ्याच्या विहिरीसारखे हे आहे. सगळे पाणी एकदम उपसले तर विहीर भरेपर्यंत ताटकळत बसावे लागते. त्यापेक्षा थोडे थोडे पाणी वरचेवर काढले, तर दिवसअखेर हाती जास्त येते. किती काढावे? निबंधाने त्याचे नेमके सूत्र दिले. स्पंदाने चुंबकत्व ज्या कोनातून कलवायचे, त्या कोनाला आज ‘अर्न्स्ट कोन’ म्हणतात. चुंबकत्व जमण्याचा काळ तीन सेकंद असेल आणि दर सेकंदाला स्पंद द्यायचा असेल, तर हा कोन सुमारे ४४ अंश येतो. पूर्ण ९० अंशांचा स्पंद देऊन पंधरा सेकंद थांबण्याच्या तुलनेत, तेवढ्याच वेळात गुणोत्तर दीडपटीहून थोडे अधिक मिळते. नवा चुंबक नाही, नवे यंत्र नाही. फक्त वाट पाहण्याचा हिशेब बदलला.

तो परत का आला?

अर्न्स्ट यांनी नोबेल पारितोषिकाच्या वेळी लिहिलेल्या आत्मवृत्तात सांगितले आहे की, हा निबंध ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’ने दोनदा नाकारला. योगायोग असा, की अल्कोहोलचा तो १९५१ चा वर्णपट याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. अर्न्स्ट ज्या व्हेरियन कंपनीत काम करत होते, तिनेही या कल्पनेवर यंत्र बांधायला उत्सुकता दाखवली नाही. पेटंट तिच्याकडे असूनही पहिले व्यापारी यंत्र १९६९ साली ब्रुकर या प्रतिस्पर्धी कंपनीने दाखवले. पुढे १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अर्न्स्ट यांना मिळाले. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

ही गोष्ट वर्गात सांगताना आपण बहुधा तिचे तात्पर्य असे काढतो: परीक्षक मंदबुद्धीचे होते आणि अखेर प्रतिभेचा विजय झाला. हे तात्पर्य मला धोक्याचे वाटते. त्या वेळच्या परीक्षकाच्या जागी बसून पाहा. विरता संकेत आणि वर्णपट ही फूरिए रूपांतरणाने जोडलेली जोडी आहे, हे लो आणि नॉर्बर्ग यांनी १९५७ सालीच दाखवले होते. अनेक वारंवारता एकदम मोजण्याचा लाभ पीटर फेलगेट यांनी अवरक्त किरणांच्या संदर्भात १९५० च्या दशकाच्या आरंभीच सांगितला होता. खुद्द अँडरसन यांनी अनेक वारंवारता एकदम देणारे एक यांत्रिक साधन आधी करून पाहिले होते. मग यात नवे ते काय, असे एखाद्याला वाटले असेल तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही.

शिवाय व्यवहारातली अडचणही होती. त्या काळी प्रयोगशाळेतल्या मेजावर संगणक नव्हता. नोंदलेला संकेत रूपांतरासाठी बाहेरच्या मोठ्या संगणकाकडे न्यावा लागे. १,०२४ बिंदूंच्या नोंदीचे रूपांतर सरळ पद्धतीने करायचे, तर दहा लाखांहून अधिक गुणाकार करावे लागतात. कूली आणि टुकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या जलद रीतीने हे काम सुमारे दहा हजारांवर आले. लहान संगणक यंत्राशेजारी येऊन बसल्यावरच ही पद्धत सर्वांची झाली. म्हणजे निबंध बरोबर होता, पण तो उपयोगी पडायला दुसऱ्या क्षेत्रातली प्रगती लागली.

आणि एक साधी गोष्ट विद्यार्थ्यांना सांगायला हवी. परत आलेला प्रत्येक निबंध थोर नसतो. नाकारले जाणे हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. या निबंधाची थोरवी त्याच्या आतल्या हिशेबात आहे.

निबंधाच्या मर्यादा

पाठ्यपुस्तके या पद्धतीचे फायदे सांगतात, तोटे सहसा सांगत नाहीत. दोन सांगतो.

पहिला. सर्व वाट्या एकदम वाजवल्या की मोठ्या वाटीच्या नादात लहान वाट्या बुडतात. प्रथिनांचा अभ्यास पाण्यात करावा लागतो. पाण्यातल्या हायड्रोजनचे प्रमाण लिटरला सुमारे ११० मोल, आणि प्रथिन लिटरला एक मिलिमोल. म्हणजे प्रथिनातल्या एका हायड्रोजनमागे पाण्याचे लाखाहून अधिक. जुन्या रीतीत पाण्याच्या वारंवारतेकडे जायचेच नाही, असे ठरवता येई. नव्या रीतीत पाणी आपोआप ऐकावे लागते. त्याचा आवाज दाबण्यासाठी पुढे अनेक युक्त्या शोधाव्या लागल्या.

दुसरा. एकदम ऐकण्याचा लाभ प्रत्येक वर्णपटात मिळतोच असे नाही. एनएमआरमध्ये खरखर ऐकणाऱ्या साधनातून येते. संकेत असो वा नसो, ती तेवढीच राहते. म्हणून एकदम ऐकणे फायद्याचे ठरते. दृश्य प्रकाशाच्या मापनात मात्र मुख्य खरखर बहुधा प्रकाशातूनच येते. तिथे सर्व रंग एकदम मोजले तर सर्वांची खरखरही एकत्र येते आणि लाभ नाहीसा होतो. ‘फूरिए म्हणजे केव्हाही चांगले’ असा नियम करून टाकणे चूक आहे.

याहून मूलभूत मर्यादा अशी: या निबंधाने ऐकण्याची पद्धत सुधारली, बोलणाऱ्याचा आवाज वाढवला नाही. दहा लाखांमागची पाच मते पाचच राहिली. संवेदनशीलतेच्या हिशेबात तीन खाती आहेत असे म्हणता येईल. एक, केंद्रकांचा स्वतःचा आवाज. दोन, ऐकणाऱ्या साधनाची खरखर. तीन, वेळेचा वापर. निबंधाने तिसरे खाते जवळजवळ पूर्ण वसूल केले. त्यानंतरचे मोठे प्रयत्न पहिल्या दोन खात्यांत झाले आहेत.

त्याच पट्टीने पुढचे दावे

पहिल्या खात्यातला सरळ उपाय म्हणजे मोठा चुंबक. २०२० साली इटलीतील फ्लॉरेन्स विद्यापीठात १.२ गिगाहर्ट्झचे, म्हणजे २८.२ टेस्लाचे यंत्र बसले. क्षेत्र दुप्पट केले की गुणोत्तर ढोबळमानाने २.८ पट होते. म्हणजे तेच काम सुमारे एक अष्टमांश वेळेत. लाभ खरा आहे. पण अशा अतिसंवाहक चुंबकाला सतत द्रवरूप हेलियम लागतो आणि त्याची किंमत मोजक्याच संस्थांना पेलते. मोठ्या चुंबकाने शिखरे एकमेकांपासून दूर जातात हा त्याचा वेगळा फायदा आहे. पण केवळ संवेदनशीलतेसाठी तो सर्वांत महागडा मार्ग ठरतो.

दुसऱ्या खात्यातला उपाय म्हणजे संकेत पकडणारे वेटोळे थंड करणे. नमुना खोलीच्या तापमानाला ठेवून वेटोळे तेवढे शून्याखाली अडीचशे अंशांच्या आसपास नेतात. खरखर घटते आणि गुणोत्तर तीन ते चार पट सुधारते. वेळेत मोजायचे तर नऊ ते सोळा पट. जुन्याच चुंबकावर हे साधता येते.

सर्वांत नाट्यमय दावे आहेत ते केंद्रकांचा आवाजच वाढवण्याचे. १९५३ साली अल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी सुचवले की, इलेक्ट्रॉनांचे चुंबकत्व केंद्रकांकडे वळवता येईल. इलेक्ट्रॉन हे प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट ताकदीचे चुंबक. त्या वेळच्या नामवंत भौतिकशास्त्रज्ञांना ही कल्पना पटली नव्हती. कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी त्याच वर्षी लिथियम धातूवर प्रयोग करून ती खरी ठरवली. त्याच कल्पनेवर आधारलेल्या एका शोधनिबंधाने २००३ साली द्रवाच्या एनएमआरमध्ये संकेत-खरखर गुणोत्तर दहा हजार पटींहून अधिक वाढल्याचे जाहीर केले, आणि तेही शीर्षकातच. यात नमुना अतिशीत तापमानाला गोठवून त्यातली केंद्रके एका बाजूला वळवतात आणि मग गरम द्रावकाने झटकन विरघळवून मोजतात.

दहा हजार! आकडा छाती दडपणारा आहे. इथे १९६६ चा निबंध उघडावा आणि त्यातला प्रश्न विचारावा: किती वेळात?

समजा, नमुना तयार होण्यास एक तास लागला आणि मापन एकदाच झाले. विरघळल्यानंतर वाढवलेले चुंबकत्व काही सेकंदांत किंवा मिनिटाभरात ओसरते आणि परत येत नाही. तेवढ्याच तासात साध्या पद्धतीने दर दहा सेकंदांना एक, अशी ३६० मापने घेता आली असती. ३६० चे वर्गमूळ १९. म्हणजे समान वेळेत लाभ दहा हजार नव्हे, पाचशेच्या आसपास. पाचशे पट हाही प्रचंडच लाभ आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण तो दहा हजार नाही. शिवाय एकाच मापनात सगळे संपत असल्याने, ज्या प्रयोगांना अनेक मापने लागतात ते अवघड होतात. आणि वेगवेगळी केंद्रके कमीअधिक वाढल्यामुळे शिखरांच्या आकारावरून अणूंची संख्या सरळ मोजता येत नाही. अल्कोहोलचे १:२:३ इथे भरवशाचे राहत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर टीका एकांगी होईल. काही घटना थांबत नाहीत. जिवंत पेशीत पायरुव्हेटचे लॅक्टेट होते ते आपल्या ३६० मापनांची वाट पाहत नाही. तिथे क्षणभर टिकणारा, पण मोठा आवाजच हवा. अशा वाढवलेल्या पायरुव्हेटचा वापर करून प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेला पहिला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे समान वेळेची तुलना लावण्यात अर्थ नाही, कारण दुसरी पद्धत तो प्रश्न विचारूच शकत नाही. मोजपट्टी उत्तम असली तरी ती कुठे लावायची हे पाहावे लागते. १९६६ च्या निबंधाची हीदेखील एक मर्यादा मानावी: नमुना थांबून राहतो आणि तेच मापन हवे तितके वेळा करता येते, हे त्याने गृहीत धरले आहे.

वर्गात काय सांगावे

मग पाठ्यपुस्तकातल्या त्या वाक्याचे काय करावे? मी ते असे सुधारेन: ‘सर्व केंद्रके एकदम हलवून त्यांचा मिश्र संकेत नोंदवल्याने मापनाचा वेळ वाया जात नाही, त्या वेळेत अनेक मापनांची बेरीज करता येते आणि म्हणून संवेदनशीलता वाढते, मिश्र संकेतातून स्वर वेगळे करण्यासाठी फूरिए रूपांतरण लागते.’ वाक्य लांबले खरे. पण यात कारण काय आणि साधन काय हे वेगळे दिसते.

या सुधारणेमुळे काय झाले तेही सांगावे. कार्बनचा वर्णपट, जो पूर्वी मोजक्या तज्ज्ञांनाच साधे, तो सामान्य रसायनशास्त्रज्ञाच्या रोजच्या कामाचा झाला. याच पायावर द्विमितीय एनएमआर उभे राहिले आणि त्यातून प्रथिनांची रचना द्रावणात ठरवता येऊ लागली. १९७५ साली अनिल कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट यांनी झुरिकमध्ये हीच कल्पना प्रतिमा घेण्यासाठी वापरली. इस्पितळातल्या एमआरआय यंत्रामागे ती आहे. यांतले अनिल कुमार पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते.

विद्यार्थ्यांना एवढे सारे लक्षात राहिले नाही तरी चालेल. त्यांनी नाणी उडवून वर्गमूळाचा अनुभव घ्यावा. आणि वर्तमानपत्रात ‘शंभरपट संवेदनशील’, ‘हजारपट अचूक’ अशी बातमी आली की तीन प्रश्न विचारावेत: कशाच्या तुलनेत, किती नमुन्यात आणि किती वेळात? अर्न्स्ट आणि अँडरसन यांनी हे प्रश्न स्वतःच स्वतःला विचारले होते आणि उत्तर निबंधात लिहून ठेवले होते. दोन्ही वर्णपटांना पाचशे सेकंद.